डॅशबोर्डला करवत लावण्याआधी

पत्र : «बाबांची १९७२ ची फियाट डिलाइट आमच्याकडे आहे. बाबा आता गाडी चालवत नाहीत, पण रोज सकाळी खाली जाऊन फडकं मारतात. इंजिनाचं काम करून घेतलंय, गाडी छान चालते. माझा मुलगा ती रविवारी बाहेर काढतो, कधी वाईला मामाकडे नेतो. त्याला गाडीत गाणी हवीत. डॅशबोर्डच्या मधोमध दोन गोल बटणांचा जुना रेडिओ आहे, तो बंद आहे. ॲक्सेसरीच्या दुकानदाराचं म्हणणं, रेडिओ काढू, थोडा पत्रा कापू, टचस्क्रीन बसवू, दारांत स्पीकर टाकू, एका दिवसात गाडी देतो. मुलगा तयार आहे. बाबा काही बोलत नाहीत, पण त्या दिवसापासून गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. गाडीला इजा न होता हे जमेल का? — एक वाचक, एरंडवणे»

नमस्कार ताई,

जमेल. पण बाबांनी किल्ली खिशात ठेवली ते योग्यच केलं, आणि पत्रा कापायचा विषय मिटेपर्यंत ती तिथेच राहू द्या. लेकाचं म्हणणंही रास्त आहे. गाडीत गाणी वाजली की तो ती आणखी बाहेर काढेल, आणि जुन्या गाडीला उभं राहण्याइतकं वाईट काही नसतं. दोघांचंही मन राखता येईल असा मार्ग आहे, थोडा सबुरीचा आहे इतकंच.

माझी अट एकच. गाडीत जे काही नवं बसेल ते उद्या पाना-स्क्रूड्रायव्हरने काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर गाडी आज आहे तशीच राहिली पाहिजे. इंजिन खोलून परत बांधता येतं, रंग पुन्हा मारता येतो. डिलाइटचा डॅशबोर्ड मात्र आजच्या गाड्यांसारखा वेगळा काढून ठेवायचा प्लॅस्टिकचा भाग नाही. तो बॉडीचाच रंगवलेला पत्रा आहे. एकदा कापला की वेल्डिंग, पुट्टी आणि रंग करूनसुद्धा ती जागा उन्हात कळतेच.

कापायची वेळ का येते तेही समजून घ्या, म्हणजे दुकानदाराशी बोलताना अडणार नाही. आजच्या स्टिरिओचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटरचं असतं. हे माप १९८० च्या दशकात ठरलं. तुमची गाडी त्याच्या आधीची. त्या काळचा रेडिओ दोन बटणांच्या दोन दांड्यांवर टांगलेला असायचा आणि मधे काट्याच्या पट्टीपुरती खिडकी असायची. त्या जागेत नवा सेट मावत नाही. टचस्क्रीन तर उंचीला याच्या दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर. ‘थोडा पत्रा’ म्हणजे प्रत्यक्षात डॅशबोर्डचा मधला भाग जवळजवळ सगळाच.

आणखी एक गोष्ट घरात सांगून ठेवा. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. तुमची गाडी वयाने त्यात आली आहे. ही नोंदणी आत्ता घ्याच असं मी म्हणणार नाही, कारण त्या नंबरावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, मग लेकाच्या वाईच्या फेऱ्या बंद. पण पुढे कधी घ्यावीशी वाटली, तर कापलेल्या पत्र्याची अडचण आपणच आज का करून ठेवायची?

मग गाणी वाजवायची कशावर? माझ्या मते या गाडीला स्टिरिओचं तोंडच नको. गाणी मुलाच्या फोनमध्येच आहेत. त्याला हवा आहे तो फोनवरून ब्लूटूथने गाणं घेऊन स्पीकरला ताकद देणारा छोटा ॲम्प्लिफायर. मोटरसायकलसाठी आणि बोटींसाठी असे ॲम्प्लिफायर मिळतात, साधारण हाताच्या पंज्याएवढे. ते १२ व्होल्टवरच चालतात आणि धूळ, ओल, हादरे सोसण्यासाठीच बनवलेले असतात. तो समोरच्या बाकासारख्या सीटखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये मागच्या बाजूला ठेवा. तो ॲल्युमिनियमच्या किंवा लाकडाच्या एका पट्टीवर बसवायचा आणि ती पट्टी गाडीत आधीपासून असलेल्या एखाद्या बोल्टखाली पकडायची. नवं भोक एकही पाडायचं नाही. तापकीर गल्लीत सुटे सर्किट बोर्ड स्वस्तात मिळतात आणि हौशी मुलांना त्यांचा मोह होतो. ते घरच्या टेबलावर ठीक आहेत. गाडीत बंद डब्यातलं, वाहनासाठी बनवलेलंच युनिट घ्या.

खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यांना भुलू नका. ‘४ गुणिले ५०’ हा क्षणभराचा आकडा असतो. चालू गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. वेगळा व्होल्टेज वाढवणारा भाग नसेल तर हिशोबाने एका चॅनलला, म्हणजे एका स्पीकरला, २४-२५ वॉटच्या वर काही येत नाही. डिलाइटसारख्या छोट्या केबिनमध्ये तेवढ्यावर खिडक्या उघड्या ठेवूनही गाणं छान ऐकू येतं. सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, आणि त्याचा वेगळा ॲम्प्लिफायर मात्र या गाडीत अजिबात नको. का ते विजेकडे वळलो की कळेल.

जुना रेडिओ जागचा हलवू नका. तो बंद असला तरी ती त्याचीच जागा आहे. पुढे एखादा जाणता माणूस भेटला तर तो दुरुस्तही होईल. पुणे आकाशवाणीचं मीडियम वेव्हवरचं ७९२ किलोहर्ट्झ त्या काट्यावर बाबांनी कितीदा लावलं असेल, त्यांनाच विचारा. काही जण असा रेडिओ आतून रिकामा करून, बटणं तशीच ठेवून, आत नवं सर्किट बसवतात. दिसायला ते सुंदर दिसतं. पण हे करायचंच असेल तर बाबांच्या रेडिओवर नको. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, तसाच एखादा मेलेला सेट मिळाला तर त्यावर करा आणि मूळ सेट कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवा.

आता विजेचं बघू. लोक भोकाची काळजी करतात आणि वायरिंग दुकानातल्या पोरावर सोडतात. जुन्या गाडीचं खरं नुकसान तिथे होतं, कधी आगीपर्यंत जातं.

पन्नास वर्षांत त्या वायरींचं आवरण कडक झालेलं असतं. वाकवलं की तडकतं. तुमच्या गाडीत फ्यूजही मोजकेच, आणि काही वायरी फ्यूजशिवायच गेलेल्या असतात. दुकानातला मुलगा काय करतो? डॅशबोर्डखाली हात घालतो, टेस्टर लावून जिथे करंट सापडेल ती वायर सोलतो, नवी वायर तिला पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात, बंद गाडीत, त्या टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि उघडा जोड पत्र्याला लागतो. ती वायर फ्यूजच्या आधीची असेल, तर बॅटरीचा सगळा करंट त्या एका जागी ओतला जातो.

म्हणून मूळ वायरिंगला हातच लावायचा नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक नवी, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची वायर थेट ॲम्प्लिफायरपर्यंत न्यायची. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत तिच्यावर फ्यूज हवा. किती अँपिअरचा ते ॲम्प्लिफायरच्या कागदावर असतं, छोट्या युनिटला बहुधा १० चा लागतो. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ बसवला तर युनिट वाचेल, पण मधली लांब वायर उघडीच राहील, आणि आपल्याला वाचवायची आहे ती वायर. बोनेटमधून आत येताना नवं छिद्र नको. स्पीडोमीटरची केबल किंवा जुना वायरींचा जुडगा जिथून आत येतो तिथेच वाट काढा आणि तिथला ग्रोमेट, म्हणजे वायर पत्र्यावर घासू नये म्हणून छिद्रात बसवलेलं रबरी कडं, बदला, कारण जुना दगडासारखा कडक झालेला असणार. नाना पेठेत ग्रोमेट, थिंबल, फ्यूज-होल्डर सगळं मिळतं. जोड पिळायचे नाहीत. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून बसवायची आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवायची. अर्थिंगची वायर आधीच्याच एखाद्या बोल्टखाली घ्या आणि बोल्टखालचा गंज घासून घ्या.

हे सगळं सुरू करण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते डोळ्यांनी बघा. फियाटमध्ये निगेटिव्ह असतं, म्हणजे तुमचं काम सरळ आहे. पण हे उत्तर मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाडीचे मालकही वाचत असतील. तिथे पॉझिटिव्ह बॉडीला असतं. आजचं युनिट तशाच गाडीच्या पत्र्यावर बसवलं तर पहिल्याच क्षणाला शॉर्ट होईल. त्यांनी आधी जुन्या गाड्यांच्या जाणत्या वायरमनला दाखवावं.

स्विच कुठून घ्यायचा, हा या कामातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. आजच्या गाडीत चावीचा एक टप्पा फक्त रेडिओसाठी असतो. तुमच्या चावीला तसा टप्पा नसेल आणि ॲम्प्लिफायर इग्निशनला जोडला, तर टपरीवर गाडी उभी करून गाणी ऐकायला मुलगा चावी चालू ठेवणार. इंजिन बंद आहे, पण इग्निशन चालू. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, नेमके मिटलेल्या जागी थांबले असतील, तर ठिणगीचं व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून सतत करंट वाहत राहतो. अर्ध्या तासात कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंट जळतात, आणि पुढे वाईकडे जाताना खंबाटकी घाटात गाडी खोकायला लागते. मग दोष पेट्रोलला दिला जातो.

म्हणून ॲम्प्लिफायरला स्वतंत्र स्विच द्या, छोटा, लाल दिव्याचा, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आधीच्या स्क्रूवर पकडलेल्या पट्टीवर. दिवा हवाच, नाहीतर बंद करायचा राहतो. जोडणीच्या कागदावर पिवळी वायर कायमच्या करंटसाठी आणि लाल चावीसाठी असं लिहिलेलं असेल, तर दोन्ही एकत्र करून याच स्विचवर घ्या. स्टिरिओच्या स्मरणशक्तीसाठी बॅटरीतून सतत काढलेले दहा मिलिअँपिअरसुद्धा महिन्याभरात सात अँपिअर-अवर होतात. रोज चालणाऱ्या गाडीत ते कळत नाही. रविवारी-रविवारी निघणाऱ्या, पावसाळ्यात तीन-तीन आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत कळतं. सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्.

आता सबवूफर का नको ते. १९७२ च्या डिलाइटला बॅटरी चार्ज करायला जुन्या पद्धतीचा डायनामो असतो, मधे कोणी आजच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर बसवला नसेल तर. डायनामो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. डॅशवरचा लाल दिवा तेव्हा मिणमिणतो ते त्यामुळेच. स्वारगेटच्या सिग्नलला रात्री उभे आहात असं समजा. दोन हेडलाइट ४५-४५ वॉटचे, मागचे दिवे धरून शंभराच्या वर वॉट, म्हणजे नऊ अँपिअर. पाऊस असेल तर वायपर वेगळा. हे सगळं तेव्हा बॅटरीतून जातंय. छोटा ॲम्प्लिफायर मध्यम आवाजात त्यात दोन-तीन अँपिअर घालतो, ते निभतं. मोठा सेट वीस-तीस अँपिअर ओढतो. ते ना बॅटरीला झेपत, ना डायनामोच्या ब्रशला.

युनिट विकत घेण्याआधी वायरमनकडून एक तपासणी करून घ्या. इंजिनाचा वेग थोडा चढवायचा आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावायचा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर उत्तम. पंधराच्या वर गेलं तर चार्जिंगवर लगाम ठेवणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरचे पॉइंट चिकटताहेत. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर नवं युनिट पहिल्याच फेरीत जाईल आणि बॅटरीही उकळेल.

गाण्याबरोबर कट-कट आवाज आला तर तो प्लगचा. रेझिस्टन्सवाल्या प्लग-वायरी घातल्या की बहुतेक वेळा जातो. वेगाबरोबर चढत जाणारी शीळ आली तर ती डायनामोची. त्याच्या जाड वायरीच्या टोकावर कंडेन्सर लावतात. बारीक वायरीच्या, म्हणजे फील्डच्या टोकावर तो चुकूनही लावू देऊ नका, चार्जिंगच बिघडतं.

स्पीकरचं थोडक्यात सांगतो. दारांत नाही. दाराच्या आत काच खाली उतरते आणि पावसाचं पाणी ओघळतं, शिवाय डिलाइटची मूळ डोअर पॅडं आता नवी मिळत नाहीत. मागच्या काचेखालचा पार्सल ट्रे काढा. वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्याचा नमुना कापा आणि सुताराकडून ९ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायचा तसाच ट्रे करून घ्या. स्पीकरची गोलं त्यात कापायची, वर जुन्यासारखं कापड ओढायचं, मूळ ट्रे घरी जपून ठेवायचा. प्लायखाली पत्र्याची पट्टी आडवी येत असेल तर पट्टी कापायची नाही, लहान स्पीकर घ्यायचा. स्पीकरचा मागचा भाग डिकीत उतरतो, तेव्हा डिकीचं झाकण आणि स्टेपनी अडत नाही ना तेही बघा. आणि डिकीत कुठेही स्क्रू पिळण्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळी कुठून गेलीय ते पाहून घ्या.

जुन्या स्पीकरची वायर मात्र वापरू नका. त्या काळी स्पीकरचं एक टोक कित्येकदा बॉडीलाच जोडलेलं असायचं. आजच्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यातली एक जरी पत्र्याला लागली तरी आतला आयसी उडतो. प्रत्येक स्पीकरला दोन नवी वायर, आणि दोन स्पीकरची निगेटिव्ह एकत्र करायची नाही.

फोनचा होल्डर काचेला चिकटणारा, व्हॅक्यूमचा घ्या. दुतोंडी टेप डॅशबोर्डवर लावली तर काढताना जुना रंग सोबत घेऊन येते.

मुलाला टचस्क्रीनच हवी असेल तर त्याला एक विचारा. रस्ता, गाणं, फोन सगळं त्याच्या हातातल्या स्क्रीनवर आहेच, मग दुसरी कशाला? तो ऐकेल असं वाटतं, कारण गाडी आवडते म्हणूनच तो ती काढतो. आणि बाबांना नुसतं ‘काही कापणार नाही’ असं सांगू नका, कामाला बरोबर घेऊन जा. कुठला बोल्ट कुठे जातो आणि कुठली वायर कोणी कधी बदलली, हे त्या गाडीबद्दल त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

वायरमनकडे गेल्यावर आधी डॅशबोर्डखालचे आणि बोनेटमधले सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवूनच कामाला हात लावू द्या. काम झाल्यावर सगळं बंद करून, दारं लावून, तेच निगेटिव्ह टोक पुन्हा सोडवा आणि टोक व बॅटरीच्या मधे मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावा. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. तुमच्या गाडीत, तुमच्या स्विचसह, आकडा शून्याच्या आसपासच हवा. दहाच्या वर काही दिसलं तर पैसे देऊ नका. एकेक फ्यूज काढून गळती कुठे आहे ते तिथेच शोधून घ्या.